तारेचा ब्रेक की तेलाचा?

डिस्क-ब्रेकचा अंमल सुरू होऊन आता पुष्कळ वर्षे लोटली आहेत. तरीही ज्यांच्या पुढच्या चिमट्यावर आणि मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांच्या नळ्यांवर रिम-ब्रेकसाठी खुंट्या जडविलेल्या आहेत, आणि डिस्क बसविण्याची ज्यांत कोणतीच तरतूद नाही, अशा डोंगरी सायकली महाराष्ट्रात अजून जागोजाग वापरात आहेत. आणि त्यांतील कित्येकांचे सांगाडे इतके सुदृढ आहेत की केवळ ब्रेकच्या पायी त्या मोडीत काढणे हा निव्वळ अपव्यय ठरेल. अशा सायकलीचा मालक शहराची वेस ओलांडून घाट चढू-उतरू लागला की त्याच्यापुढे एक खरा प्रश्न उभा राहतो. त्याच खुंट्यांवर बसणारा हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारा रिम-ब्रेक घ्यावा, की मुळातला तारेचा ब्रेकच चांगल्या प्रतीचा करून वापरावा? माझा अभिप्राय आरंभीच स्पष्टपणे नोंदवितो. आपल्याकडील बहुसंख्य स्वारांनी तारेचाच ब्रेक ठेवावा, आणि तेलाच्या ब्रेकसाठी जी रक्कम काढून ठेवली असेल तिचा विनियोग रबरे, रिमा आणि तारा यांवर करावा. कारण रिम-ब्रेकचे मुख्य दुखणे जेथे आहे तेथपर्यंत तेलाचा उपाय पोहोचतच नाही.

डोंगरी सायकलीच्या इतिहासात ब्रेकचा प्रश्न अगदी प्रारंभापासून अग्रस्थानी आहे. कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरात, 21 ऑक्टोबर 1976 रोजी काही तरुणांनी उतारावरील शर्यतीचा पायंडा पाडला. सुमारे दोन मैलांत 1300 फूट खाली उतरणारी ती कच्ची वाट होती, आणि तीवरून सुटणाऱ्या सायकली म्हणजे जाड टायरांच्या जुन्या, जड सायकली, ज्यांच्या मागच्या हबमध्येच पेडल उलटे दाबल्यावर लागणारा ब्रेक बसविलेला असे. एका उतरणीत तो हब इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई, आणि पुढच्या खेपेपूर्वी हब उघडून त्यात नवे ग्रीस भरणे भाग पडे. या भरणीवरूनच त्या शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही पुढे ख्यातनाम झालेली मंडळी याच वाटेवर तयार झाली, आणि हबमधील ब्रेक अपुरा पडतो हे अनुभवास येताच त्यांपैकी अनेकांनी रिमला दोन बाजूंनी पकडणारे कँटिलिव्हर ब्रेक आणि ते ओढण्यासाठी मोटारसायकलचे लांब, दणकट लिव्हर स्वीकारले. उष्णता हबच्या लहानशा पोटात कोंडण्याऐवजी चाकाच्या विस्तीर्ण, वाऱ्यावर फिरणाऱ्या परिघावर सोडून द्यावी, ही ती मूळ युक्ती. आणि ती अत्यंत शहाणपणाची होती.

पुढच्या दशकात या युक्तीत सुधारणा होत गेल्या, आणि काही वेळा पिछेहाटही झाली. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात मागचा ब्रेक पेडलांच्या आसाजवळ, चाकाच्या खालच्या अंगाला बसविण्याची टूम निघाली. दिसावयास ती रचना सुबक होती. परंतु चिखल नेमका तेथेच थापला जाई आणि दुरुस्ती करावयाची तर सायकल उलटी करावी लागे, त्यामुळे ती फार काळ टिकली नाही. याच सुमारास, 1987 मध्ये, जर्मनीच्या नैऋत्येकडील बाड उराख या गावच्या मागुरा कंपनीने सायकलच्या रिमसाठी तेलाचा ब्रेक बाजारात आणला. 1893 मध्ये गुस्टाव्ह मागेनव्हिर्ट यांनी स्थापन केलेल्या या कारखान्याला मोटारसायकलींचे लिव्हर बनविण्याचा दीर्घ अनुभव होता. त्यांचे एचएस 11 आणि एचएस 33 हे नमुने पुढे जर्मनीतील प्रवासी सायकलींवर सर्रास दिसू लागले. तारेच्या पक्षाकडून याला निर्णायक उत्तर मिळाले ते 1996 मध्ये, जपानच्या साकाई शहरातील शिमानो कंपनीच्या व्ही-ब्रेकच्या रूपाने. दोन लांब भुजा आणि त्यांच्या माथ्यांना एकमेकांकडे खेचणारी एकच आडवी तार, एवढीच त्याची रचना. पण तिने कँटिलिव्हरमधील दोन दोष एकदम घालविले. कँटिलिव्हरची जोडतार चाकावर कमानीसारखी लोंबत असे, आणि मुख्य तार तुटल्यास ती टायरच्या दात्यांत अडकून चाक जाम होण्याचा धोका असे. व्ही-ब्रेकमध्ये ती जोडतारच राहिली नाही. शिवाय लांब भुजांच्या तरफेमुळे दोन बोटांच्या ओढीत चाक थांबू लागले. माझ्या मते 1996 पूर्वी ज्याने तेलाचा ब्रेक घेतला त्याचा निर्णय सर्वस्वी समर्थनीय होता. त्यानंतर मात्र प्रश्नाचे स्वरूप पालटले.

दोन्ही यंत्रांचे काम कसे चालते हे एकदा नीट पाहणे इष्ट. तारेच्या ब्रेकमध्ये हाताचा जोर पोलादी तारेतून जातो. ती तार एका बाह्य आवरणातून सरकते, आणि हँडलपासून मागच्या चाकापर्यंत त्या आवरणाला जितकी वळणे असतील, त्यात जितका गंज आणि जितकी धूळ साचलेली असेल, तितका हाताचा जोर वाटेतच घर्षणात खर्ची पडतो. तेलाच्या ब्रेकमध्ये लिव्हरच्या मागे एक लहान दट्ट्या असतो. तो बंद नळीतील तेल ढकलतो, आणि बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो या पास्कलच्या सतराव्या शतकातील नियमानुसार रिमच्या दोन्ही बाजूंचे दट्टे एकाच वेळी, एकाच दाबाने पुढे सरतात. नळीला कितीही वळणे असली तरी येथे जोर जवळजवळ पुरता पोहोचतो. आणखी एक गोष्ट अशी की, व्ही-ब्रेकची भुजा खुंटीभोवती फिरत असल्याने तिचे रबर वर्तुळाच्या कंसात हालते आणि झिजू लागले की रिमवर आपली जागा बदलते. तेलाचा दट्ट्या मात्र रिमच्या काटकोनात सरळ सरकतो, त्यामुळे रबर अखेरपर्यंत एकाच जागी आणि सपाट टेकते. हे श्रेष्ठत्व वादातीत आहे. एका चाकावर तोल सांभाळीत खडकांवरून उड्या मारणारे कसरतपटू पिढ्यान्‌पिढ्या याच ब्रेकला चिकटून राहिले, मागच्या नळ्या फाकू नयेत म्हणून त्यावर नालेच्या आकाराची जाड पट्टीही बसवीत आले, ते उगाच नव्हे.

परंतु जोर रिमपर्यंत पोहोचला म्हणजे चाक थांबले असे होत नाही. शेवटचा निकाल रबर आणि धातू यांच्यामधील घर्षणावर लागतो, आणि येथेच माझ्या युक्तिवादाचा गाभा आहे. ज्यांनी जुन्या काळ्या सायकली वापरल्या आहेत त्यांना त्या सायकलींच्या सळईच्या ब्रेकची रचना आठवत असेल. हँडलखालच्या दांड्या दाबल्या की पोलादी सळया वर ओढल्या जात, आणि रिकिबीच्या आकाराची एक कमान तिच्या टोकांवरील रबरांसह रिमच्या आतल्या कडेला भिडे. त्या सळया तारेसारख्या आवरणात घासत नसत, ताणाने लांबतही नसत. जोर पोहोचविण्याच्या दृष्टीने ती रचना, तिच्या सांध्यांतील ढिलाई सोडली तर, तारेहून निःसंशय सरस होती. असे असूनही पावसाळ्यात त्या ब्रेकची जी दैना होई ती पुण्या-कोल्हापुरातल्या त्या पिढीतील प्रत्येकाने भोगलेली आहे; दोन्ही हातांनी दांड्या आवळूनही सायकल आपल्याच लयीने पुढे जात राही, आणि शेवटी पाय जमिनीला टेकवावे लागत. याचे कारण सळईत नव्हते, क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिममध्ये होते. त्या गुळगुळीत मुलाम्यावर पाण्याचा पापुद्रा बसला की रबर घसरू लागे, आणि घर्षणच उरले नाही तर हाताचा जोर सळईने पोचवा, तारेने पोचवा की तेलाने पोचवा, परिणामात फारसा फरक पडत नसे. ॲल्युमिनियमची रिम या बाबतीत क्रोमच्या पोलादापेक्षा कितीतरी चांगली आहे. तथापि पाण्याने भिजल्यावर तिच्यावरही पहिले काही फेरे रबर केवळ पाणी पुसण्यातच घालविते, आणि खरी पकड मागाहून येते. उताराच्या वळणावर हे मागाहून येणे महागात पडू शकते. पावसात स्वाराला भीती वाटते ती या विलंबाची, आणि तेलाचा दाब हा विलंब टाळू शकत नाही. फार तर हाताला थोडे कमी श्रम देतो.

कोरड्या हवेतील हिशेब आणखी सरळ आहे. स्वार आणि सायकल यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे मीटरभर उंच आणि पुढच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेपासून साठ-एक सेंटिमीटर मागे असतो, त्यामुळे सपाट रस्त्यावर गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याहून जराशा अधिक मंदनापलीकडे पुढचा ब्रेक लावल्यास मागचे चाक उचलले जाते आणि स्वार हँडलावरून फेकला जाण्याचा धोका उत्पन्न होतो. उतारावर तर ही मर्यादा त्याहूनही कमी. नीट बसविलेला व्ही-ब्रेक या मर्यादेपर्यंत दोन बोटांनी सहज पोहोचतो. ज्या यंत्रात आधीच गरजेपुरती शक्ती आहे त्यात अधिक शक्ती ओतण्याचे प्रयोजन काय? हवी असते ती शक्तीची नेमकी मात्रा, म्हणजे हात जितका आवळावा तितकेच चाक मंदावणे. तारेच्या आवरणातील घर्षण या मात्रेचा घात करते, हे मी मान्य करतो. पण नवी तार, चांगल्या प्रतीचे आवरण आणि शक्य तितकी सुबक वळणे एवढ्यानेच हा दोष बहुतांशी दूर होतो, आणि हे काम गावातल्या कोणत्याही सायकल दुकानात तासाभरात होते.

उष्णतेचा विषय रिपॅकच्या ओघात आलाच आहे. महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारा स्वार हजार मीटरहून अधिक उंची गमावतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून 90 किलो धरले तर हजार मीटरच्या उताराची ऊर्जा जवळजवळ नऊ लाख जूल भरते, आणि पावणेतीन लिटर साधे पाणी उकळीपर्यंत आणण्यास तेवढी पुरते. यातील बराच वाटा हवेच्या विरोधात जातो, आणि जो जितका हळू, ब्रेक सतत धरून उतरतो त्याच्या रिमच्या वाट्याला ती ऊर्जा तितकी अधिक येते. तापलेल्या रिममुळे ट्यूबमधील हवेचा दाब वाढतो. भरपूर सामान लादून, संथ गतीने, फार लांब उतार उतरताना ट्यूब फुटण्याचे प्रकार यातूनच घडतात. येथेही तार आणि तेल यांच्यात पक्षपात करण्यास जागा नाही. डिस्क-ब्रेकमध्ये तेल तापलेल्या तबकडीच्या अगदी निकट असते, तशी अवस्था रिमवर नसते, कारण दट्टे आणि रिम यांच्यामध्ये जाड रबर असते. पण रिम तापते ती दोन्हींत सारखीच. वळणापूर्वी जोराने ब्रेक लावून मग सोडणे आणि मध्ये थांबून चाकांना वारा लागू देणे, हाच तिच्यावरील उपाय होय.

तेलाच्या बाजूचा सर्वांत बलवत्तर मुद्दा मात्र अद्याप मांडावयाचा आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. तेलाची नळी बंदिस्त असते. तीत जांभ्याची लाल धूळ शिरत नाही, कोकणातला चार महिन्यांचा पाऊस शिरत नाही, आणि एकदा नीट भरलेली ही यंत्रणा हात न लावता वर्षानुवर्षे तशीच चालू राहते. तार मात्र रोज किंचित खराब होत जाते, आणि ती इतक्या हळू खराब होते की स्वाराचा हात नकळत तिच्या जडपणाला सरावतो. मग एखाद्या दिवशी दुसऱ्याची सायकल हातात आल्यावरच आपला ब्रेक किती बिघडला आहे याची जाणीव होते. सायकलकडे वर्षभर ढुंकूनही न पाहणाऱ्या माणसासाठी तेलाचा ब्रेक खरोखरच अधिक सुरक्षित आहे. ज्यांच्या बोटांत ताकद कमी आहे त्यांच्यासाठी, म्हणजे संधिवाताने सांधे धरलेल्या वृद्धांसाठी किंवा लहान हातांच्या स्वारांसाठी, तो उपकारक आहे. ज्यांची सायकल सामानाने लादलेली असते आणि बारा महिने चालते, अशा दूरच्या प्रवाशांनाही मी त्यापासून परावृत्त करणार नाही, मात्र त्यांनी त्याची दुरुस्ती स्वतः शिकून घेतलेली असावी. कारण तारेचा आणि तेलाचा खरा भेद मोडण्याच्या रीतीत आहे. तार तुटण्याआधी लिव्हरच्या टोकाशी तिचे पदर एकेक करून सुटू लागतात, ते डोळ्यांना दिसतात आणि बोटांना कळतात. तुटलीच तरी खिशातील दुसरी तार एका ॲलन पान्याने पंधरा मिनिटांत बसते. तेलाची नळी खडकावर घासून चिरली तर लिव्हर एकदम हँडलाला टेकतो. नवीन नळी, तिच्या टोकाचे जोड, हवा काढण्याची पिचकारी आणि योग्य तेल हे सारे जवळ असल्यावाचून तो ब्रेक पुन्हा उभा राहत नाही.

या ‘योग्य तेल’ शब्दांवर थोडे थांबणे आवश्यक आहे. मागुराच्या रिम-ब्रेकात खनिज तेल असते, आणि मोटारसायकलच्या डिस्कसाठी गॅरेजात सहज मिळणारे डॉट वर्गाचे ब्रेक-ऑइल हा सर्वस्वी निराळा पदार्थ आहे. ते घातल्यास आतील रबरी सील फुगतात, खराब होतात, आणि मग केवळ तेल बदलून भागत नाही. आपल्याकडे सायकलचे कारागीर कुशल आहेत. चाकाला आउट आला, म्हणजे ते वाकडे फिरू लागले, तर नुसत्या नजरेने आणि स्पोकच्या पान्याने ते काढून देणारी माणसे तालुक्याच्या गावीही भेटतात. परंतु तेलाचे रिम-ब्रेक येथे इतके विरळ आहेत की त्या कारागिराने ते कधी उघडलेले नसण्याचीच शक्यता अधिक, आणि सदिच्छेने मोटारसायकलचे तेल भरले जाण्याचा धोका खरा आहे. आउटचा विषय निघालाच आहे तर हेही नमूद करतो की, तेलाच्या ब्रेकमध्ये रबर रिमच्या फार जवळ उभे असते, त्यामुळे खड्ड्याने चाकाला जरासा आउट आला तरी ते घासू लागते. व्ही-ब्रेकची भुजा थोडी सैल करून घरापर्यंत येता येते.

आता जो पैसा वाचला त्याचे काय करावे? सर्वप्रथम रबरे. स्वस्त सायकलींबरोबर येणारी कडक काळी रबरे बहुधा निकृष्ट असतात, आणि ओल्या रिमसाठी मुद्दाम बनविलेली रबरे, उदाहरणार्थ कूल-स्टॉपची तांबूस रंगाची, ब्रेकच्या वर्तनात जो पालट घडवितात तो नव्या भुजांनीही क्वचितच घडतो. पावसाळ्यात दर आठवड्याला रबर काढून त्यात रुतलेले ॲल्युमिनियमचे कण आणि वाळू टाचणीने उपसून काढावी. ते कणच रिमला कानसतात. तारा आणि आवरणे पावसाळ्यापूर्वी बदलावीत आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तपासावीत. लिव्हर बदलताना तो व्ही-ब्रेकसाठीच बनविलेला आहे याची खातरजमा करावी, कारण व्ही-ब्रेकला कँटिलिव्हरच्या जवळजवळ दुप्पट तार ओढावी लागते. जुना लिव्हर तसाच जोडल्यास रबरे रिमला लागण्यापूर्वीच लिव्हर हँडलाला भिडतो, किंवा लागली तर इतक्या झटक्याने लागतात की चाक अडकते. अशी विजोड जोडणी करून दिलेल्या सायकली मी दुकानांत पाहिल्या आहेत, आणि त्या विकणाऱ्यांनी ही बाब गांभीर्याने घ्यावी अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

अखेरची तपासणी रिमची. रबराने रिमची भिंत दर पावसाळ्यात झिजत जाते, आणि ती प्रमाणाबाहेर पातळ झाली की ट्यूबच्या दाबानेच बाहेर फुटते. हे बहुधा भर वेगात किंवा हवा भरताना घडते. अनेक रिमांवर यासाठीच एक बारीक खोबण किंवा छिद्रे कोरलेली असतात, आणि ती दिसेनाशी झाली म्हणजे रिम बदलण्याची वेळ झाली असे समजावे. ज्या रिमवर अशी खूण नसेल तिच्या भिंतीवर धातूची पट्टी उभी धरून पाहावी. मध्ये उघड खोलगट जागा दिसली तर नवा ब्रेक घेण्याचा विचार बाजूला ठेवून आधी रिम बदलावी.